शीळफाटे दोन

मुंब्र्यात रिक्षावाल्याला ‘शीळफाटा’ म्हटलं की तो मीटरकडे न बघता भाडं सांगतो. खोपोलीत रिक्षावाल्याला ‘शीळफाटा’ म्हटलं की तोही सांगतो. दोघंही बरोबर असतात, पण दोघं तुम्हाला जिथे उतरवतील त्या दोन जागांच्या मध्ये अख्खं पनवेल आडवं पडलेलं असतं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शीळफाटे दोन आहेत. एक ठाणे महापालिकेच्या हद्दीत, शीळ-डायघरजवळ. तिथून मुंब्रा, म्हापे आणि पनवेलच्या वाटा फुटतात आणि जवळच कल्याण-डोंबिवलीचीही. दुसरा रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोलीला.

माणसाला यात काही अडचण नाही. बोलणारा कुठे उभा आहे, कुठून आला, हातात पिशवी आहे की ट्रंक, यावरून ऐकणारा ओळखतो. अडचण कागदाला येते. एखाद्या वाचनालयातल्या कात्रणांच्या फायलीत ‘शिळफाट्याजवळ ट्रक उलटला’ असं कात्रण असतं. कापणाऱ्याने तारीख लिहिलेली असते, वर्तमानपत्राचं नाव लिहिलेलं असतं, जिल्हा नसतो. त्याला तो माहीत होता, म्हणून लिहिला नाही. फाईल ‘शि’मध्ये लागते. पन्नास वर्षांनी कुणी मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा इतिहास लिहायला बसेल. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंतचा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून, हे सगळं तो शोधेल, आणि त्याच्या हाती खोपोलीतल्या ट्रकचं कात्रण येईल.

नाव एक आणि जागा दोन, हा झाला अर्धा घोटाळा. उरलेला अर्धा उलटा आहे: जागा एक आणि नावं अनेक. शीळफाटा, शिळफाटा, शिळ फाटा, शिलफाटा, शीळ-फाटा. दुकानांच्या पाट्या वाचत कल्याण रस्त्याने डोंबिवलीकडे निघालात तर खिडकाळी येईपर्यंत हे सगळे नमुने पाहून होतात. ग्रंथालय, अभिलेखागार आणि वस्तुसंग्रहालय या तिन्ही ठिकाणच्या माणसांचं निम्मं आयुष्य या दोन प्रकारच्या घोटाळ्यांत जातं. एक म्हणून लिहिलेलं एकच आहे का? दोन म्हणून लिहिलेली दोनच आहेत का? लिंक्ड ओपन डेटा, म्हणजे एकमेकींना जोडलेली खुली माहिती, या भारदस्त नावाखाली गेल्या वीसेक वर्षांत जगभर जे चाललं आहे, त्याच्या तळाशी हेच दोन प्रश्न आहेत. बाकीचा तांत्रिक भाग त्या मानाने सोपा.

ठाणे-कल्याण पट्ट्यात या प्रश्नांचा अनुभव जुना आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ चं. मराठी पुस्तकं, आणि तीही शक्य तितकी सगळी, एका जागी जमवायची या हट्टातून ते उभं राहिलं. त्या काळात हा हट्ट वेडगळच वाटला असणार. संस्थापकांत विनायक लक्ष्मण भावे होते. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे हेच ते भावे. जुन्या हस्तलिखितांचा माग काढत फिरणाऱ्या माणसाला ग्रंथसंग्रहालय हवं असणं स्वाभाविक होतं.

पुस्तकं जमली की वही येते. दाखल नोंदवही: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत, शेरा. नंतर तालिकापत्रं आली, लाकडी खणांतली, मधोमध भोक पाडून सळईत ओवलेली. नंतर संगणक आला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात हेन्रिएट अ‍ॅवराम यांनी तालिकापत्र यंत्राला वाचता यावं म्हणून मार्क नावाची मांडणी बसवली. लेखक शंभर क्रमांकाच्या रकान्यात, शीर्षक दोनशे पंचेचाळीसमध्ये. आजही कोहा किंवा ई-ग्रंथालय ही संगणकप्रणाली वापरणारा आपला ग्रंथपाल हे आकडे पाढ्यासारखे म्हणतो. पण या सगळ्या प्रवासात एक गोष्ट बदलली नाही. लेखकाच्या रकान्यात लिहिलं जात होतं ते अक्षरंच. ‘भावे, वि.’ ही तीन अक्षरं आणि एक टिंब. वहीत होती, पत्रावर गेली, पडद्यावर आली. कुठले भावे, हे तिन्ही ठिकाणी ग्रंथपालाच्या डोक्यात राहिलं.

आणि भावे थोडे नाहीत. विनायक लक्ष्मण भावे आहेतच, जन्म १८७१, मृत्यू १९२६. विनायक नरहरी भावे, म्हणजे विनोबा, जन्म १८९५, गाव गागोदे, तालुका पेण. एका खणात दोघांचीही पत्रं ‘भावे, विनायक’ म्हणून शेजारी बसतात. शिवाय डोंबिवलीकर वाचक ‘भावे’ म्हणाला की त्याच्या मनात पु. भा. भावे असतात, कारण ते डोंबिवलीतच राहिले. काउंटरवर ‘भाव्यांचं काही आहे का?’ असं विचारणाऱ्याला जुना ग्रंथपाल चष्म्यावरून एकदा बघतो आणि बरोबर पुस्तक काढून देतो. ही जादू खरी आहे, मी पाहिली आहे. फक्त ती त्याच्याबरोबर निवृत्त होते.

टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडली, तेव्हा एक पान दुसऱ्या पानाला जोडलं गेलं. २००६ मध्ये त्यांनीच एक छोटं टिपण लिहिलं आणि म्हटलं की आता पानांऐवजी पानातल्या गोष्टी जोडा. प्रत्येक गोष्टीला वेबवर एक पत्ता द्या, माणसाला, गावाला, पुस्तकाला. तो पत्ता उघडला की तिथे काहीतरी कामाचं सापडू द्या. आणि त्या माहितीतून दुसऱ्या गोष्टींच्या पत्त्यांकडे वाट काढा.

पत्ता म्हणजे प्रत्यक्षात एक क्रमांक असतो. २०१२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या विकिडेटा या खुल्या कोठारात मुंबईचा क्रमांक आहे क्यू ११५६. तिथे तिला मुंबई म्हणा, बॉम्बे म्हणा, बंबई म्हणा, पोर्तुगीज वळणाने बोंबाइम म्हणा. ही सगळी त्या क्रमांकावर टांगलेली नावं. महाराष्ट्र ११९१, मराठी भाषा १५७१. या कोठारात आता दहा कोटींहून जास्त गोष्टी आहेत आणि प्रत्येकीबद्दल अगदी बाळबोध वाक्यं आहेत, कर्ता, संबंध आणि कर्म एवढ्यावर संपणारी. या पुस्तकाचा – लेखक – हा. हा – जन्मस्थान – ते. ते – या जिल्ह्यात. तिन्ही जागी शब्दांऐवजी क्रमांक. लेखक हा संबंधसुद्धा क्रमांकच, पी ५०. असं एक वाक्य वाचायला पोस्टाच्या पावतीइतकं रुक्ष असतं. पण ठाण्यातल्या नोंदीतलं ‘हा’ आणि लंडनमधल्या नोंदीतलं ‘हा’ एकाच क्रमांकाकडे बोट दाखवू लागले, की दोन्ही वाक्यं आपोआप एका परिच्छेदात येतात.

लंडनचं उदाहरण मुद्दाम दिलं. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातल्या मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची सूची जे. एफ. ब्लुमहार्ट यांनी १८९२ मध्ये छापली, म्हणजे ठाण्याचं ग्रंथसंग्रहालय निघायच्या आदल्याच वर्षी. तिच्यातली नावं रोमन लिपीत, खाली-वर टिंबं-रेघा देऊन बसवलेली. आपल्याकडची देवनागरीत. त्या सूचीतलं एखादं पुस्तक ठाण्यातही असू शकतं. पण दोन्ही प्रती एकाच पुस्तकाच्या आहेत हे कळायला लिप्यंतर करणारा माणूस लागतो किंवा क्रमांक. माणसाने एकदा ठरवून क्रमांक लावला की पुढच्याला लिप्यंतराची गरज उरत नाही. जगभरच्या मोठ्या ग्रंथालयांनी आपापल्या लेखकयाद्या एकमेकींना जोडून जी सामाईक यादी केली, व्हीआयएएफ तिचं नाव, तिचं कामही हेच. तिच्यात भारतातल्या भाषांचे लेखक दिसतात ते बहुतेक परदेशी ग्रंथालयांच्या डोळ्यांतून. आपल्या वाचनालयांच्या वह्या तिथवर पोचलेल्याच नाहीत. मला याची थोडी लाज वाटते, आणि ती लपवायचं कारण दिसत नाही.

अशी वेळ आपल्यावर यायला नको होती, कारण हे काम हाताने करून दाखवणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला. शंकर गणेश दाते. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची त्यांनी १९४० च्या दशकात प्रसिद्ध केली, पुढे १९३८ ते १९५० चा भागही केला. ग्रंथालयांमागून ग्रंथालयं पालथी घालून, पुस्तक हातात घेऊन, टिपून. अभ्यासक अजून ‘दाते सूचीत बघितलंस का?’ असंच विचारतात, जणू दाते हे गाव आहे. मला ती सूची चाळताना नेहमी वाटतं की या माणसाने जोडलेली माहितीच तयार केली होती, फक्त जोड शाईचे होते. टोपणनाव आलं की खरं नाव कोणतं, दोन नावं दिसली की माणूस एक की दोन, हे निर्णय त्यांना पानोपानी करावे लागले. ते निर्णय कागदावर बंद आहेत. ते उचलून क्रमांकांवर आणणं हे एका पिढीचं काम आहे, आणि ते कुणी परदेशातून येऊन करणार नाही.

टोपणनावांचं म्हणाल तर मराठीइतकी हौस क्वचितच कुठे असेल. कुसुमाग्रज-शिरवाडकर, गोविंदाग्रज-गडकरी, आरती प्रभू-खानोलकर या जोड्या शाळेतच पाठ होतात. खरी कसोटी लागते ती बायकांच्या नावांशी. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, लेखिका विभावरी शिरूरकर. पुस्तकाने एवढी खळबळ उडाली की ही बाई कोण यावरच चर्चा रंगली. त्या होत्या बाळूताई खरे. पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न झालं आणि त्या मालतीबाई बेडेकर झाल्या, त्याही नावाने लिहीत राहिल्या. आता एका मध्यम वाचनालयाची तालिका डोळ्यांपुढे आणा. ‘ख’च्या खणात खरे, ‘ब’मध्ये बेडेकर, ‘श’मध्ये शिरूरकर. तीन खण, तीन लेखिका, आणि तिघींमध्ये भिंती. चांगल्या ग्रंथपालाने एका पत्रावर ‘पाहा: बेडेकर, मालती’ असं लिहिलेलं असतं. वाईट दिवशी ते पत्र हरवलेलं असतं.

विकिडेटात ही एकच व्यक्ती, एकच क्रमांक. टोपणनाव या संबंधाला स्वतःचा क्रमांक आहे, पी ७४२. जन्मनाव वेगळं, पती वेगळा संबंध, आणि तिथून वाट निघते ती ‘रणांगण’च्या लेखकाकडे. माहेरचं नाव आधी आणि सासरचं नंतर, अशी कालमर्यादाही नावाला लावता येते. यानंतर असा प्रश्न विचारता येतो: १९५० पूर्वी टोपणनावाने लिहिणाऱ्या, नंतर खऱ्या नावानेही लिहिलेल्या मराठी लेखिका किती? प्रश्न विचारायच्या या भाषेला स्पार्कल म्हणतात, आणि ती शिकायला एखादा पावसाळा पुरतो. तालिकेच्या खणांना हा प्रश्न विचारता येत नाही. विचारला तर ग्रंथपाल म्हणतो, तुम्हीच बसा आणि शोधा.

आता अवजार. बरीच आहेत, मी एकाचंच सांगतो, कारण हात काळे होतात ते यानेच. ओपनरिफाइन. २०१० मध्ये ते फ्रीबेस ग्रिडवर्क्स या नावाने जन्मलं, त्याच वर्षी गूगलच्या घरी गेलं आणि गूगल रिफाइन झालं, २०१२ पासून गूगलने हात काढून घेतल्यावर स्वयंसेवकांनी वाढवलं. फुकट आहे, आपल्याच संगणकावर चालतं, आपण होऊन पाठवल्याशिवाय यादी कुठे बाहेर जात नाही. (शेवटचा मुद्दा संचालक मंडळाला आधी सांगावा. बैठक निम्म्या वेळात संपते.)

एका वाचनालयाची यादी मी त्यात टाकली होती, त्या अनुभवावरून लिहितो. पहिल्या दिवशी ओपनरिफाइन उघडायची वेळच आली नाही. अर्धी यादी युनिकोडच्या आधीच्या काळात कुठल्याशा खास फॉन्टमध्ये टाइप केलेली, त्यामुळे उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच. ती परिवर्तकातून काढावी लागली, आणि परिवर्तकाने रफारांची वाट लावली ती हाताने नीट करावी लागली. हे वाचून ज्यांच्या ओठांवर हसू आलं असेल ते या धंद्यातले.

दुसऱ्या दिवशी प्रकाशनस्थळाचा रकाना उघडला. ओपनरिफाइन डाव्या हाताला त्या रकान्यातली प्रत्येक वेगळी नोंद आणि ती किती वेळा आली ते दाखवतं. ठाणे. ठाणें. ठाणा. मु. ठाणे. ठाणे (प.). ‘ठाणे’ आणि त्याच्या मागे एक अदृश्य मोकळी जागा. यातलं ‘ठाणें’ चूक नव्हतं. १९६२ च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, पण त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ते आहेत, आणि इमानी लिपिकाने जसं दिसलं तसं उतरवलं. मग असं करायचं की मूळ रकाना तसाच ठेवायचा, शेजारी नवा उघडायचा आणि त्यात क्रमांक भरायचा. छापलेलं अक्षर पुरावा म्हणून राहतं, जोडणी क्रमांकाने होते. या एका सवयीवर मी फार भांडलो आहे. ‘सगळं शुद्ध करून टाका ना’ म्हणणारा माणूस प्रत्येक कार्यालयात एक तरी असतो, आणि तो नेहमी उत्साही असतो.

सारखी दिसणारी नावं हे अवजार स्वतःच गटागटाने समोर आणतं. एका अक्षराच्या फरकाची मोजणी करून ‘शिळफाटा’ आणि ‘शीळफाटा’ ते शेजारी बसवतं. पण देवनागरीचे स्वतःचे सापळे आहेत. ‘अ‍ॅड.’ मधला अ‍ॅ संगणकावर दोन पद्धतींनी लिहिता येतो, एक अखंड अक्षर म्हणून, एक अ वर चंद्र ठेवून. डोळ्याला काडीचा फरक नाही. संगणकाला ती दोन वेगळी माणसं. वकिलांनी लिहिलेल्या पुस्तकांत हा गोंधळ हमखास. सुऱ्याच्या ‘ऱ्या’तल्या रचं तसंच.

यानंतर येते खरी मजा, तिला तिथे ‘रिकन्साइल’ म्हणतात. मी मेळ घालणं म्हणतो, रोकडवहीचा घालतात तसा. रकान्यातलं एकेक नाव घेऊन ओपनरिफाइन विकिडेटाला विचारतं आणि उमेदवार पुढे करतं: हा असेल का? हा? की यातला कुणीच नाही? शेजारी टक्क्यांसारखा एक आकडाही देतं. नवखा माणूस त्या आकड्याला भुलतो. पूर्ण गुण मिळालेला उमेदवार चुकीचा असू शकतो, कारण नाव तंतोतंत तेच आहे आणि माणूस दुसरा. ‘कल्याण’ टाका. ठाणे जिल्ह्यातलं कल्याण तंतोतंत जुळतं. पण पुस्तक कल्याणीच्या चालुक्यांवर असेल तर हवं असतं कर्नाटकातलं बसवकल्याण. आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत दान देणारे कल्याणचे व्यापारी येतात, पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्लिएना नावाचं बंदर येतं, ते मात्र आपलंच कल्याण. मोगलांनी त्याचं इस्लामाबाद केलं होतं, तेही हेच. इथे क्लिक करणाऱ्या बोटाला इतिहास माहीत हवा. म्हणून हे काम ‘डेटा एन्ट्री’चं कंत्राट काढून, नगाला इतके पैसे या दराने करून घेतलं की ते वाया जातं. वाया गेलेलं दिसतही नाही, कारण क्रमांक तर सगळीकडे भरलेले असतात.

साष्टीचं प्रकरण तर याहून वाईट. ठाणे खाडीपासून वांद्र्यापर्यंतचं बेट म्हणजे साष्टी. पेशव्यांच्या कागदांत साष्टी आली की हीच, चिमाजी अप्पांच्या १७३७ च्या मोहिमेतली. गोव्यात मडगावभोवतालचा तालुकाही साष्टी, किंवा सासष्टी. पोर्तुगीज लेखनिक दोन्ही जवळजवळ एकाच तऱ्हेने लिहीत. दोन्ही त्यांचेच मुलूख, दोन्हीकडे चर्च, दोन्हीकडून गोव्याला जाणारी पत्रं. पणजीच्या अभिलेखागारात बसलेला माणूस पत्रात पुढे वसईचा उल्लेख येतो का ते बघून ठरवतो. त्याने ठरवलेलं एकदा क्रमांकाने नोंदवलं की पुण्याच्या पेशवे दफ्तरातलं त्याच आठवड्याचं मोडी पत्र आणि हे पोर्तुगीज पत्र एका बेटावर भेटू शकतात. या दोन दफ्तरांना समोरासमोर बसवायचं, तर गो. स. सरदेसाईंसारखा इतिहासकार आणि त्याचं उभं आयुष्य लागायचं.

गावांचं आणखी एक: ती जागेवर राहतात, सरहद्दी हलतात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. त्याआधीच्या कागदांत डहाणू, वसई ‘जिल्हा ठाणे’ आहेत, आणि ते खरंच आहे. नोंद बदलून ‘जिल्हा पालघर’ केली तर कागद खोटा पडतो, न बदलली तर आजचा शोधणारा चुकतो. जोडलेल्या माहितीत दोन्ही वाक्यं शेजारी राहतात, एकाला शेवटची तारीख, दुसऱ्याला सुरुवातीची.

आणि वाक्याला साक्षीदारही लावता येतो. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण कल्याणच्या पुढच्याच स्टेशनांच्या रांगेत आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. त्यातलं वर्ष एकोणिसाव्या शतकात आधी शके ७८२ असं वाचलं गेलं, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे दुसऱ्या वाचनात ते शके ९८२ ठरलं, म्हणजे १०६०. झिजलेल्या दगडावरचा एक आकडा, आणि देऊळ दोनशे वर्षांनी तरुण झालं. आता पहिलं वाचन पुसून टाकायचं का? मुळीच नाही. जुन्या पुस्तकांत ८६० छापलेलं आहे, ते वाचून कुणीतरी गोंधळणारच. विकिडेटात दोन्ही वर्षं ठेवता येतात, प्रत्येकाशेजारी कुणी कुठे वाचलं त्याचा संदर्भ, आणि पहिल्यावर ‘आता मान्य नाही’ अशी खूण. वस्तुसंग्रहालयाच्या काचेबाहेरच्या पाटीवर एकच वर्ष मावतं.

वस्तुसंग्रहालयांना तर ही सोय ग्रंथालयांपेक्षा जास्त हवी, कारण पुस्तकाला निदान मुखपृष्ठ असतं. वस्तू मुकी असते आणि तिचे भाग पांगलेले असतात. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना शिलाहार अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, शके ९३९ चा. त्याचं भाषांतर लगेच ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात छापून आलं, आणि ठाणेकरांना आपल्या गावाचं ‘श्रीस्थानक’ हे नाव अशाच लेखांतून परत मिळालं. म्हणजे एक जागा (किल्ला, आज तिथे कारागृह आहे), एक वस्तू, एक राजा, एक छापील लेख आणि एक गावाचं नाव. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या संस्थेच्या वेगळ्या वहीत. सी-डॅकने बनवलेल्या ‘जतन’ या प्रणालीवर देशातल्या मोठ्या संग्रहालयांच्या वस्तू आता वेबवर दिसतात, राष्ट्रीय अभिलेखागाराचे कागद ‘अभिलेख पटल’वर दिसतात, आणि हे मोठंच काम झालं. पण दिसणं वेगळं आणि जोडलेलं असणं वेगळं. एका पटलावरून दुसऱ्यावर जायला अजून शोधचौकटीत अक्षरंच टाइप करावी लागतात, आणि अक्षरांचं काय होतं ते शीळफाट्यावर पाहिलंच.

अडतं कुठे? पैशांपाशी अडतं असं म्हणायची रीत आहे. माझ्या मते त्याआधी ते एका भीतीपाशी अडतं. ‘आमची यादी खुली केली तर आमच्याकडे कोण येणार?’ हा प्रश्न मला निरनिराळ्या आवाजांत ऐकू आला आहे. यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. पुस्तक आणि पुस्तकाबद्दलची माहिती. पुस्तकावर लेखकाचा हक्क असतो, भारतात त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. हे पुस्तक अमक्याने लिहिलं, तमक्या साली छापलं आणि त्याची एक प्रत आमच्या कपाटात आहे, ही माहिती कुणाच्याच मालकीची नाही. विकिडेटा ती सीसी-झीरो या मोकळीकीवर ठेवतं, म्हणजे कुणीही कशीही वापरावी. उलट, ज्याला दुर्मीळ प्रत कुठे आहे हेच ठाऊक नाही तो दारात येणार कसा? तरी हा युक्तिवाद बैठकीत क्वचित जिंकतो. जिंकतं ते प्रात्यक्षिक. संचालकांपैकी कुणाच्या तरी आजोबांचं पुस्तक शोधून दाखवावं.

दुसरं, आपल्याकडे डिजिटायझेशनचं उद्घाटन होतं. फीत कापतात, संकेतस्थळ सुरू होतं, तीन वर्षांनी त्याचं भाडं भरायचं राहतं आणि ते मिटतं. स्कॅन केलेल्या पानांबरोबर त्यांच्या नोंदीही जातात. नोंदी आधीच बाहेरच्या सामाईक कोठारात जोडून ठेवल्या असत्या तर निदान काय होतं ते तरी कळलं असतं.

गेल्या डिसेंबरात मी शीळफाट्याचीच नोंद नीट लिहायला बसलो. सोपं वाटलं होतं. नाव, पर्यायी नावं चार, अक्षांश-रेखांश, महापालिका ठाणे. मग ‘यापेक्षा वेगळा’ हा संबंध, पी १८८९, आणि त्याच्यापुढे खोपोलीचा शीळफाटा. इथवर चहा गार झाला नव्हता.

अडलं ते कल्याण फाट्यापाशी. महामार्गावरून कल्याणकडे वळायची जागा आणि म्हाप्याकडे वळायची जागा या दोन आहेत, थोड्या अंतरावर. पण डोंबिवलीतून निघालेला माणूस अख्ख्या पट्ट्यालाच शीळफाटा म्हणतो. मग ही गोष्ट एक की दोन? दोन असतील तर कल्याण फाटा हा शीळफाट्याचा भाग की शेजारी? मी प्रत्यक्ष जाऊन विचारायचं ठरवलं. चहाच्या टपरीवाल्याने हातातलं गाळणं रस्त्याच्या दिशेने उगारून दाखवलं, “तो पुढं दिसतो तो कल्याण फाटा, हा आमचा शीळफाटा. काय संबंध?” बस आली, कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, “एकच की हो काका, तिकीट एकच आहे.”

मी दोन नोंदी केल्या आणि मध्ये ‘लगत’ असा संबंध टाकला. संदर्भाचा रकाना अजून रिकामा आहे.